शिसं वितळवायच्या भांड्याची तोटी पुन्हा पुन्हा गळते: तपासणीचा क्रम

दांडी खाली बसलेली असते, लिव्हरला कुणी हात लावलेला नसतो, तरी तोटीच्या टोकाला शिशाचा थेंब फुगतो, लोंबतो आणि खालच्या पत्र्यावर टप्पकन पडून चपटा होतो. मग दुसरा, मग तिसरा. खालून ओतायच्या भांड्याचं हे ठरलेलं दुखणं आहे. आज बंद केलं तर चार दिवसांनी परत सुरू होतं.

पागेराच्या (फेकायच्या जाळ्याच्या), गळाच्या वजनांसाठी किंवा गवंड्याच्या ओळंब्यांसाठी घरगुती भांड्यावर शिसं ओतणाऱ्यांसाठी हा क्रम लिहिला आहे. आपल्याकडे अशी भांडी बहुधा वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेली असतात: ४ इंची लोखंडी पाइपचा तुकडा, खाली ८ ते १० मिलिमीटर जाड प्लेट वेल्ड केलेली, प्लेटच्या मधोमध लेथवर काढलेली तोटी आणि तिला अडीच ते तीन मिलिमीटरचं भोक. वरून एक लोखंडी दांडी उभी सोडलेली असते. तिचं खालचं टोक निमुळतं असतं आणि ते तोटीच्या वरच्या तोंडात बसतं. त्या जागेला आपण बैठक म्हणू. लिव्हरने दांडी उचलली की रस (वितळलेलं शिसं) सुटतो, सोडली की थांबायला हवा. १० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरलं तर अशा भांड्यात साधारण ८ किलो रस मावतो.

आधी लक्षण नीट ओळखा

गळती कुठून होते आणि कधी होते, हे पाच मिनिटं नुसतं बघत बसलात तरी निम्मं काम होतं.

प्रत्येक ओतणीनंतर एखाद-दुसरा थेंब पडून थांबत असेल तर तो दोष नाही. तोटीच्या भोकात उरलेला रस तेवढा बाहेर येतो. भांडं तापल्यावर पहिली काही मिनिटं ठिबकून नंतर आपोआप थांबत असेल, तर दांडी आणि बैठक अजून सारखी तापलेली नव्हती. त्यालाही हात लावायची गरज नाही.

दांडी पेचकसने थोडी फिरवली की गळती थांबते आणि आठ-दहा ओतण्यांनी पुन्हा सुरू होते, याचा अर्थ बैठकीत कचरा आहे. दहातली नऊ भांडी याच गटातली निघतात. दांडीवर बोटभर दाब दिला की थांबते आणि दाब काढला की सुरू होते, तर वजन कमी पडतंय. काहीही केलं तरी थेंब एकाच वेगाने पडत राहिले, तर बैठक किंवा दांडीचं टोक झिजलंय किंवा दांडी वाकलीय.

थेंब भोकातून न येता तोटीच्या आट्यांच्या (ती प्लेटमध्ये कसायच्या पेचांच्या) कडेने, नाहीतर वेल्डच्या सांध्यातून येत असेल तर तो वेगळाच रोग आहे. त्याबद्दल पुढे सांगतो, पण ते दिसल्याबरोबर हीटर बंद करायचा, एवढं आत्ताच लक्षात ठेवा.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच. गळती दिसली की बरेच जण दांडी काढून टोकावर कानस मारतात. हातानं कानस मारलेलं टोक कधीच गोल राहत नाही, त्यावर चपटे पैलू पडतात. आधी कचऱ्यामुळे गळणारं भांडं मग खरोखरच्या झिजेमुळे गळायला लागतं आणि फुकटात सुटणारं काम लेथवर जातं. कचरा शंभर टक्के काढून झाल्याशिवाय धातूला धातू लावायचा नाही.

भांड्याजवळ जाण्याआधी

शिसं ३२७ अंशाला वितळतं आणि आपण त्याहून वरच्या तापमानावर काम करतो. पाण्याचा थेंब रसाच्या पृष्ठभागाखाली गेला तर त्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते. ती जागा रस उडवूनच मिळते. आपल्याकडे, विशेषतः बेळगावजवळच्या खानापूर पट्ट्यात, जून ते सप्टेंबर कोरड्या ठेवलेल्या लोखंडालाही दमटपणा धरतो. म्हणून पावसाळ्यात लगडी, पळी, खरवडायची पट्टी, खालचा पत्रा हे सगळं भांड्याच्या काठावर किंवा दुसऱ्या शेगडीवर चांगलं तापवूनच वापरा. हाताला गरम लागलं म्हणजे कोरडं झालं, असं समजू नका. फटीतलं पाणी उशिरा सुटतं.

डोळ्यांना गॉगल, त्यावर शक्य असेल तर चेहऱ्याची काच, चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि बंद बूट हवेत. तोटीखाली काठ असलेला कोरडा लोखंडी ट्रे कायम असू द्या. जागा उघडी किंवा वारा खेळता असलेली हवी. स्वयंपाकघरात हे काम करू नका, आणि अंगणात लहान मुलं खेळत असतील तर तिथेही नको. मुलांच्या शरीरात शिसं गेलं तर त्याची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आणखी एक सवय आपल्या भागात मुद्दाम सांगायला हवी. काम चालू असताना तंबाखू मळणं पूर्ण बंद ठेवा. शिशाची राखाडी भुकटी तळहाताच्या रेषांत बसते आणि अंगठ्याने चुना-तंबाखू घोटताना थेट त्यात मिसळते. शिसं शरीरात जायचा याहून सरळ रस्ता नाही. आधी साबणाने हात-तोंड धुवा, मग बाकी सगळं.

पहिली तपासणी: दांडी जागेवर फिरवा

खर्च शून्य. भांडं कामाच्या तापमानावर असताना दांडीच्या वरच्या टोकाला असलेल्या खाचेत लांब पेचकस घालून दांडी खाली दाबत चार-पाच वेळा अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे फिरवा. खाच नसेल तर हॅक्सॉने एक पाडून घ्या. पण ती भांडं थंड असताना आणि दांडी बाहेर काढून.

फिरवल्याने बैठकीत अडकलेला कण चिरडतो किंवा बाजूला सरकतो. गळती थांबली तर कचरा होता हे सिद्ध झालं. पण तो अजून भांड्यातच आहे, म्हणून ही दुरुस्ती नव्हे. ही फक्त रोगाची ओळख.

दुसरी: वजन आणि लिव्हरची ढिलाई

लोखंड शिशात तरंगतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. लोखंडाच्या एका घनसेंटिमीटरचं वजन ७.८ ग्रॅमच्या आसपास, वितळलेल्या शिशाचं १०.६ ग्रॅम. म्हणजे १० मिलिमीटर जाडीच्या दांडीचा जो १० सेंटिमीटर भाग रसात बुडालेला असतो, त्याचं वजन साधारण ६२ ग्रॅम आणि त्याने बाजूला सारलेल्या शिशाचं ८४. टोक बैठकीत घट्ट बसलेलं असतं तोवर खालून दाब लागत नाही. पण एक कण मध्ये आला आणि टोक केसभर वर राहिलं की रस खाली शिरतो आणि दांडी उचलू लागतो. तिला खाली धरायला मग वरचा उघडा भाग आणि लिव्हर यांचंच काय ते वजन उरतं. भांडं काठोकाठ भरल्यावर जास्त गळतं आणि निम्मं झाल्यावर कमी गळतं, त्याचं हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे तळाचा दाब: १० सेंटिमीटर शिशाचा दाब एक मीटरहून जास्त पाण्याच्या दाबाइतका असतो.

उपाय सोपा आहे. दांडीच्या डोक्यावर किंवा लिव्हरच्या दांडीकडच्या बाजूला २०० ग्रॅम वजन वाढवा. एम १६ चे सहा नट एका बोल्टवर ओवले की तेवढं होतं. वजन रसाच्या वर, बाहेर राहिलं पाहिजे आणि पक्कं कसलेलं हवं. सैल ठेवलेला नट रसात पडला तर शिंतोडे उडतात. ३०० ग्रॅमच्या वर जाऊ नका. लिव्हर जड होतो, ओतताना हात थरथरतो आणि प्रत्येक वेळी दांडी आदळून बैठक ठोकली जाते.

वजन घालण्याआधी लिव्हर पाहा. दांडी पूर्ण खाली असताना लिव्हर आणि दांडीचा जोड यांच्यात एक-दोन मिलिमीटर खेळ राहायला हवा. हा खेळ नसेल तर लिव्हरच दांडीला वर तोलून धरतो आणि ती बैठकीपर्यंत पोचतच नाही. भांडं तापल्यावर लोखंड वाढतं, म्हणून थंड असताना ठीक वाटणारं माप गरम झाल्यावर पुन्हा बघा. ॲडजस्टिंग स्क्रू अर्धा फेरा सैल केला तरी बहुतेक वेळा पुरतं. लिव्हरच्या खिळीत गंज असेल तर घासून ग्रॅफाइटची पूड लावा. तेल लावू नका, ते जळून चिकट होतं आणि लिव्हर आणखी अडतो.

तिसरी: तापमान, आणि त्याआधी व्होल्टेज

तापमान मोजायला के टाइप थर्मोकपलचा साधा डिजिटल मीटर घ्या. त्याचं टोक रसात दोन-तीन सेंटिमीटर बुडवा, तळाला टेकवू नका. साध्या शिशाला ३६० ते ४०० अंश पुरतात. त्याखाली तोटीत रस अर्धवट थिजतो, दांडी त्या थिजलेल्या शिशावर टेकते आणि बंद होत नाही. ४०० च्या वर गेलं तर मळी (रसावर साचणारा राखाडी थर) भराभर धरते आणि धूरही वाढतो. ४१९ अंशाला जस्त वितळतं. भंगारात चुकून आलेला जस्ताचा तुकडा त्याखाली वर तरंगत राहतो आणि झाऱ्याने काढता येतो. त्यावर गेलात तर तो मिसळून जातो.

इलेक्ट्रिक भांडं संध्याकाळी तापायला वेळ घेत असेल तर हीटर बदलण्याआधी प्लगवर व्होल्टेज मोजा. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते. २३० व्होल्टला १,००० वॅट देणारी कॉइल १८० व्होल्टला ६१० वॅटच देते. ऊस पट्ट्यात पंप चालू असताना एवढी घसरण नवी नाही. अशा वेळी ओतकामाची वेळ बदलणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय. व्होल्टेज बरोबर असूनही तापत नसेल तर प्लग काढून कॉइलचा रोध मोजा. १,००० वॅटच्या कॉइलला साधारण ५३ ओम, ५०० वॅटच्या कॉइलला १०६ ओम यायला हवा. काहीच आलं नाही तर कॉइल तुटलेली आहे.

तोटी प्लेटच्या खाली लोंबते, म्हणून वाऱ्याने तीच आधी थंड होते. तिच्याभोवती पत्र्याचा अर्धगोल आडोसा करा. त्यात सिरॅमिक वूलची पट्टी बसवली तर उत्तम. बेळगावच्या उद्यमबागेत भट्ट्यांचं सामान विकणाऱ्यांकडे ती मिळते. कापताना तोंडाला मास्क हवा. जुन्या छपराचा ॲस्बेस्टॉस पत्रा मात्र कापून लावू नका, त्याची धूळ फुप्फुसात कायमची बसते. थिजलेली तोटी उघडायला छोटी गॅस टॉर्च चालते, पण बाजूने. खाली वाकून बघत ज्योत धरायची नाही.

चौथी: तोटी खालून साफ करणे

यासाठी सायकलचा जुना आरा फार चांगला. तो २ मिलिमीटर जाड आणि कडक असतो, ३ मिलिमीटरच्या भोकात सहज जातो. त्यावरचा चकचकीत मुलामा पॉलिश पेपरने घासून काढा. टोकापासून साधारण ३ सेंटिमीटरवर काटकोनात वाकवा, म्हणजे हात तोटीच्या खाली न येता बाजूला राहतो. दांडी बंद ठेवून आऱ्याचं टोक भोकात वर सरकवा, बैठकीला लागलं की दोन-तीनदा गोल फिरवा, काढा. मग दांडी उचलून पळीभर रस ट्रेमध्ये सोडा, म्हणजे सुटलेला कण त्याच्याबरोबर वाहून जाईल.

जीआय बाइंडिंग तार या कामाला वापरू नका. तिच्यावर जस्ताचा थर असतो आणि तो शिशात उतरतो. तसंच भांड्यात काहीही जस्ताचा मुलामा असलेलं, नट, बोल्ट, वायसर, घालू नका.

पाचवी: खरा कचरा, भिंतीवरचा

आता या दुखण्याच्या मुळाशी येतो. राख, माती, गंज, शिशाची मळी हे सगळं शिशापेक्षा हलकं आहे. मग ते वर तरंगायला हवं, तळाच्या बैठकीत कसं पोचतं? उत्तर भिंतीत आणि दांडीत आहे. मळी आणि गंज लोखंडाला चिकटतात, आणि रस त्यांना वर उचलण्याऐवजी भिंतीला दाबून धरतो. पातळी खाली गेली की वरची मळी भिंतीवर आणि दांडीवर थर धरते. पुन्हा भांडं भरलं की तो थर रसाखाली जातो. दांडी दर ओतणीला वर-खाली होते आणि तिच्या अंगावरची भुकटी हळूहळू बैठकीकडे उतरते. म्हणून वरची मळी रोज काढूनही तोटी गळत राहते.

यासाठी खरवडायला सुकी लाकडी पट्टी घ्या, दीड-दोन इंच रुंद, सागवानी चौकटीचा जुना तुकडा असला तरी चालेल. ओलं किंवा ताजं लाकूड नको. पट्टी आधी भांड्याच्या काठावर धरून तापवा, मग हळूहळू रसात घाला. ती खाली जाताना करपते आणि तिचा कोळसा मळीतल्या शिशाला परत धातूत आणायला मदतही करतो. भिंत वरपासून तळापर्यंत, तळाचे कोपरे आणि दांडीचं अंग, सगळं खरवडा. दांडीला पट्टी घासताना ती बैठकीत खाली दाबून ठेवा. मग हरभऱ्याएवढा मेणबत्तीचा तुकडा टाका. धूर येईल आणि तो पेटेल, म्हणून चेहरा बाजूला ठेवा. ढवळा. वर काळी-करडी सुकी भुकटी आली की झाऱ्याने काढून झाकण असलेल्या डब्यात टाका. ही भुकटी शिशाचंच विष आहे. उकिरड्यावर, परसात किंवा नदीच्या काठी टाकू नका.

हे एका भांड्यात दोनदा सलग करा. पहिल्या वेळेपेक्षा दुसऱ्या वेळी जास्त कचरा निघाला तर नवल नाही, कोपऱ्यातला थर सुटायला वेळ लागतो.

दुखणं परत येऊ नये म्हणून एकच पक्की व्यवस्था आहे: भंगार ज्या भांड्यात वितळवता त्यातून ओतायचं नाही. भंगारासाठी वेगळी लोखंडी कढई ठेवा. तिच्यात वितळवा, मळी काढा आणि पळीने लगडी पाडा. ४० मिलिमीटरच्या अँगलचा १५ सेंटिमीटर तुकडा दोन्ही टोकांना पट्टी वेल्ड करून घेतला की सुमारे एक किलोची लगड पडते. तोटीच्या भांड्यात फक्त या लगडी जातील. एवढं केलं तर पंधरा दिवसांनी येणारी गळती वर्षातून एकदा येईल.

भंगार घेतानाच निवडा. कन्नड बोलणाऱ्या दुकानात ‘सीस’ म्हणजे शिसं, ‘सतु’ म्हणजे जस्त. नावातच गफलत झाली तर पुढचं सगळं बिघडतं. गाड्यांच्या चाकांची वजनं आता बरीचशी जस्ताची किंवा लोखंडाची येतात. नखाने ओरखडा उमटला आणि फरशीवर टाकल्यावर बद्द आवाज आला तर शिसं. खणखणीत वाजलं तर बाजूला काढा. बॅटरीच्या प्लेटी तर घरी वितळवायच्याच नाहीत. त्यांत ॲसिड असतं, आणि त्यांतल्या इतर धातूंची मळी ओली झाली की विषारी वायू सुटू शकतात. जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत रिसायकलरकडे गेल्या पाहिजेत, असं २०२२ चे बॅटरी कचऱ्याचे नियमही सांगतात.

रस ओटमिलसारखा किंवा घट्ट झालेल्या उपम्यासारखा दाणेदार दिसू लागला, ३८० अंशालाही साचा भरेना, तर जस्त मिसळलंय. मेण टाकून ते निघत नाही. तो रस लगडीत ओतून वेगळा ठेवा आणि रिसायकलरला द्या. गंधक टाकून जस्त काढायचे प्रयोग घरी करू नका.

सहावी: भांडं रिकामं करून दांडी तपासणे

इथपर्यंत येऊनही गळत असेल तर रस लगडीत ओतून भांडं पूर्ण थंड होऊ द्या, प्लग काढा आणि दांडी बाहेर घ्या.

सपाट काचेवर दांडी लोळवा. काच आणि दांडी यांच्यामध्ये उजेड फडफडताना दिसला तर ती वाकलीय. किंचित वाक लाकडी ठोकळ्यावर लाकडी हातोडीने काढता येतो. जास्त असेल तर नवी दांडीच बरी. पितळेची दांडी करू नका, शिशात कथील असेल तर ते पितळ खातं.

भांड्याच्या आतली भुकटी कोरड्या तारेच्या ब्रशने घासू नका, ती हवेत उडते आणि नाकात जाते. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, फडकं त्याच कचऱ्याच्या डब्यात टाका, आणि वापरण्याआधी रिकामं भांडं मंद आचेवर अर्धा तास तापवा.

बैठक तपासायला एक बिनखर्चाची युक्ती आहे. अंधाऱ्या खोलीत तोटीखाली मोबाइलचा टॉर्च लावा, दांडी बैठकीत बसवा आणि वरून भांड्यात पाहा. टोकाभोवती उजेडाची चंद्रकोर दिसली तर त्या बाजूला फट आहे. उजेड नसेल तर बैठक चांगली आहे. मग पुन्हा वजन आणि कचरा यांच्याकडे वळा. पाणी किंवा रॉकेल ओतून तपासायचा मोह टाळा. वितळलेल्या शिशाचं पृष्ठताण पाण्याच्या कितीतरी पट असतं, त्यामुळे पाणी जिथून झिरपतं तिथून शिसं झिरपेलच असं नाही. निष्कर्षही चुकतो आणि बैठकीत ओलही राहते.

सातवी: बैठक घासून बसवणे

फट दिसली तर इंजिनचे व्हॉल्व्ह घासायला गॅरेजवाले वापरतात ती ग्राइंडिंग पेस्ट आणा. डबीत दोन बाजू असतात, जाड आणि बारीक. बारीक बाजू घ्या. निमुळत्या टोकावर ज्वारीच्या दाण्याएवढी पेस्ट पसरा. दांडी बैठकीत सोडून दोन तळहातांत धरून पाव फेरा इकडे-तिकडे, तीसेक वेळा. मग उचला, थोडी फिरवून पुन्हा ठेवा, पुन्हा तीस. दांडी सरळ उभी हवी. तिरकी धरून घासलंत तर बैठक लंबगोल होते. गोल फिरवत राहू नका, सलग फेऱ्यांनी चरे पडतात.

मधे पेस्ट पुसून टोक जवळून पाहा. चमकत्या लोखंडावर एक मंद करडी कडी उमटलेली दिसेल. ती पूर्ण गोल, न तुटलेली आणि मिलिमीटरभर रुंद असली की थांबा. अर्ध्यातच तुटत असेल तर तसंच तीस-तीस वेळा आणखी दोन-तीन खेपा घासा. कडी दोन मिलिमीटरहून रुंद होऊ देऊ नका. रुंद कडीवर कचरा टिकायला जागा मिळते आणि तेवढ्याच वजनाचा दाब पसरून कमी होतो. शेवटी रॉकेलच्या फडक्याने पेस्टचा कण न् कण काढा, सुकू द्या, टॉर्चने पुन्हा तपासा. पेस्ट राहिली तर तीच पुढच्या गळतीचा कचरा.

कुठे थांबायचं

दोनदा घासूनही कडी पूर्ण गोल होत नसेल तर पुढे घासू नका. तोटी आणि दांडी दोन्ही घेऊन लेथवाल्याकडे जा. दांडीचं टोक ६० अंशाला काढून द्या आणि बैठकही त्याच अंशाची, असं स्पष्ट सांगा. नुसती दांडी नवी आणि बैठक जुनी ठेवली की तोच त्रास राहतो. काम घेताना तिथेच टॉर्च लावून बघा.

आट्यांतून गळत असेल तर तिथे टेफलॉन टेप किंवा एम-सील लावू नका. टेफलॉन २६० अंशांपर्यंतच टिकतं, त्यावर त्याचा विषारी धूर होतो. एम-सीलची एपॉक्सी तर त्याआधीच निकामी होते. तोटी उघडून आटे साफ करा, भट्टीचं सिमेंट लावून कसून बसवा, पूर्ण सुकू द्या. तरीही थांबलं नाही तर वेल्डरचं काम. पण त्याआधी त्याला सांगा की भांड्यात शिसं होतं, म्हणजे तो उघड्यावर, मास्क लावून काम करेल. प्लेट आणि पाइपच्या सांध्यात तडा दिसला तर ते भांडं शिशासाठी बाद. तड्यावर वरून टाका मारून ८ किलो रस पुन्हा त्यात भरणं धोक्याचं आहे.

भांड्याला हात लावल्यावर झिणझिणी आली किंवा ब्रेकर पडला तर प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) असल्याशिवाय इलेक्ट्रिक भांडं चालवू नका. कॉइलच्या मायका पट्टीवर शिसं सांडलेलं असेल तरीही हेच.

सतत पोट दुखणं, बद्धकोष्ठ, थकवा, डोकेदुखी, मनगटात अशक्तपणा असं काही जाणवत असेल तर काम थांबवा आणि डॉक्टरांना शिशाचं काम करतो असं स्वतःहून सांगा. ते विचारतीलच असं नाही. रक्तातल्या शिशाची तपासणी होते. १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त निघालं तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर त्यांचीही तपासणी करून घ्या, आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका.

दिवस संपताना

हीटर बंद करण्याआधी भांड्यात बोटभर रस ठेवा, भिंत एकदा खरवडा, मळी काढा आणि दांडी दाबून दोनदा फिरवून बैठकीत बसवा. रस थिजताना दांडी तिथेच घट्ट होते. दुसऱ्या दिवशी सगळा रस पातळ होऊन मीटरवर ३६० दिसेपर्यंत लिव्हरला हात लावू नका. थिजलेल्या दांडीला हिसका दिला की लिव्हरची खिळी वाकते किंवा दांडीच वाकते, आणि मग सहाव्या तपासणीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.